तनुजाला न दिसणारा दिवा

महिपतराव सोनकांबळे यांनी रविवारी सकाळी आठ वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू केली आणि समोर ब्रेकचा लाल दिवा लागला. त्यांनी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. दिवा होताच. मग त्यांनी चष्मा पुसला. त्यामुळे तो अधिकच स्पष्ट दिसू लागला.

गाडी चौदा वर्षांची होती. मागून घुंघुं आवाज येतो म्हणून मागच्या ॲक्सलच्या कामाला ती चार दिवस कर्वेनगरच्या गॅरेजमध्ये होती आणि कालच संध्याकाळी परत आली होती. ती तिकडे असतानाच हिंजवडीत नोकरी करणाऱ्या लेकीने, आम्रपालीने, फोनवर निकाल दिला होता. "बाबा, हे लास्ट. यानंतर काहीही निघालं, साधा हॉर्न बिघडला तरी गाडी विकायची. रविवारी बाराला जेवायला येते, तेव्हा मी स्वतः चालवून बघणार. डील?"

महिपतराव "डील" म्हणाले होते. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मसुद्याखाली सही करायची सवय असते. पण सही केल्यापासून त्यांना नीट झोप नव्हती. दर बुधवारी नारायण पेठेतल्या वाचनालयात पुस्तके बदलायला जाणे हा त्यांच्या आठवड्यातला एकमेव कार्यक्रम असा होता, ज्यात कोणत्या रस्त्याने जायचे हे ते स्वतः ठरवत. गाडी गेली की रिक्षा आली, आणि रिक्षा आली की रिक्षावाल्याशी बोलणे आले.

त्यांच्या पत्नी हिराबाई लेकीच्या बाजूने होत्या. मात्र विकायचीच तर गाडी नीटनेटकी दिसावी, म्हणून त्या चार दिवसांत त्यांनी हँडब्रेकच्या दांडीला लोकरीचे कव्हर विणले होते. वांगी रंगाचे, दुहेरी विणीचे, खाली जाडसर झालर. काल रात्री त्यांनी ते स्वतःच्या हाताने चढवले. गिअरचे अजून सुयांवर होते. त्यांच्या घरात रिमोटला कव्हर होते, मिक्सरला होते, पाण्याच्या फिल्टरला तर उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे वेगळे होते. "आई, एक दिवस तू बाबांनापण कव्हर घालशील," असे आम्रपाली एकदा म्हणाली, तेव्हा हिराबाई दोन दिवस तिच्याशी मोजकेच बोलल्या होत्या.

महिपतरावांनी गाडीचे माहितीपुस्तक काढले. पान बहात्तर. लाल दिवा लागण्याची कारणे दोन: हँडब्रेक ओढलेला असणे किंवा ब्रेक ऑइल कमी असणे. हँडब्रेक खालीच होता, तरी त्यांनी तो तीनदा खाली केला. बॉनेट उघडून पाहिले तर ऑइल दोन रेघांच्या मध्ये होते. म्हणजे त्यांना तसे वाटले. आपल्याला वाटते त्यावर विश्वास ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी गाडी काढली आणि सायकलीला मागे टाकणार नाही अशा बेताने गॅरेज गाठले.

गॅरेज तनुजाचे होते. वडिलांच्या मागे तिने ते हाती घेतले होते. तिचा हात कामाला पक्का आणि जीभ त्याहून पक्की. झाडाखाली गाडी बंद केल्यावर महिपतरावांची नजर त्या वांगी झालरीवर गेली. हे तनुजाने पाहिले तर पुढची दहा वर्षे ऐकावे लागेल. त्यांनी इकडेतिकडे पाहून कव्हर ओढून काढले, पँटच्या खिशात कोंबले आणि मग तनुजाला हाक मारली.

तनुजाने आत बसून गाडी सुरू केली. "काका, दिवा कुठाय?"

"आत्ता होता."

"होता, मग गेला कुठं? चहा प्यायला?"

"घरापासून इथपर्यंत होता हो."

तिने बॉनेट उघडले, ऑइल थोडे वाढवले. आपल्या हातचे काम म्हणून मागची दोन्ही चाके काढून आतले ब्रेकचे ड्रमही पाहिले. "एक थेंब गळत नाहीये. ॲक्सल एकदम ओके. जा बिनघोर."

महिपतराव बिनघोर निघाले. रस्ताभर दिवा नव्हता. हिराबाई गॅलरीत कपडे वाळत घालत असतील या हिशेबाने त्यांनी फाटकाच्या अलीकडे गाडी बंद केली, कव्हर पुन्हा चढवले, झालर नीट केली आणि गाडी सुरू केली.

दिवा लागला.

त्यांनी तिथूनच गाडी वळवली. झाडाखाली गाडी बंद, कव्हर खिशात, तनुजाला हाक. तनुजा बसली. दिवा नाही.

"काका, चष्म्याचा नंबर कधी काढलात?"

"मार्चमध्ये."

"मग परत काढा. तुम्ही मला घाबरता ते ठीक आहे, आता गाडीपण घाबरायला लागली?" तिने स्टिअरिंगवर थाप मारली. "असं करा, पुढच्या वेळी दिव्याचा फोटो काढून आणा. रविवारचं मी साडेअकराला बंद करते."

महिपतराव घरी परतले. फाटकापाशी कव्हर चढवले आणि दिवा लागला. त्यांनी मोबाईलने सहा फोटो काढले. चारांत त्यांचा अंगठा आला, एकात कपाळ आणि एकात काहीच नाही. सातवा काढताना काचेवर टकटक झाली. हिराबाई खाली उतरून आल्या होत्या.

"अहो, सकाळपासून फाटकापाशी येता न् परत जाता. चाललंय काय?"

महिपतरावांनी दिव्याकडे बोट दाखवले. कव्हर खिशात जात होते तेवढे वगळून बाकी सगळे सांगितले.

"म्हणजे बिघाड आहेच," हिराबाई म्हणाल्या. "आम्रपालीला सांगून टाकू, विकायची."

"पण तनुजा म्हणते दिवाच नाही. मलाच नीट दिसत नाही म्हणते."

हिराबाईंचे मत क्षणात बदलले. नवऱ्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, समजत नाही, हे म्हणण्याचा अधिकार पंचेचाळीस वर्षे त्यांच्या एकटीकडे होता. तो गॅरेजवालीला देण्याचे कारण नव्हते.

"असं म्हणाली? चला. मी साक्षीला येते."

त्या शेजारी बसल्या. आता कव्हर काढता येणार नव्हते. रस्ताभर दिवा जळत होता आणि हिराबाई त्याच्याकडे रोखून बघत होत्या. "बंद होऊन दाखव म्हणावं," त्या म्हणाल्या.

तनुजा शटर ओढायच्या बेतात होती. तिने खिडकीतून डोकावले आणि आनंदाने ओरडली, "आहे! काका, सॉरी, दिवा आहे!" मग तिची नजर खाली गेली. "हे काय आहे?"

"कव्हर," हिराबाई अभिमानाने म्हणाल्या. "मी विणलंय. दुहेरी वीण आहे."

तनुजाने हात आत घालून दांडी खाली दाबली. लोकर चेपली आणि दिवा विझला. तिने हात उचलला. लोकर फुगली आणि दिवा लागला. तिने हे तीनदा केले, लहान मूल घराची बेल दाबते तसे.

"काकू, झालर दांडीखाली येतेय. दांडी बोटभर वर राहते, गाडीला वाटतं हँडब्रेक ओढलेलाच आहे." ती महिपतरावांकडे वळली. "पण काका, सकाळी दोनदा आलात तेव्हा हे नव्हतं."

"नव्हतं म्हणजे?" हिराबाई म्हणाल्या. "काल रात्री मी घातलंय. कुठं होतं मग?"

तनुजाने हाताची घडी घातली. शटर बंद करायची तिची घाई संपली होती.

"खिशात," महिपतराव म्हणाले.

"खिशात कशाला?"

"तनुजाच्या हाताला ग्रीस असतं ना. म्हटलं, खराब होईल."

गेल्या कित्येक वर्षांत इतके चांगले वाक्य त्यांना वेळेवर सुचले नव्हते. तनुजाने आपल्या काळ्या हातांकडे पाहिले आणि मोठ्या मनाने म्हणाली, "हो काकू, माझ्या हाताचा काही नेम नाही."

परतताना हिराबाई मांडीवरच्या कव्हराची झालर चाचपत होत्या. दिवा बंद होता. कर्वे पुतळा मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "आम्रपालीला यातलं काही बोलायचं नाही. तिला आयतंच मिळेल. आधीच कव्हरांवरून हसते मला."

"नाही बोलणार."

"दिवा लागला होता, हे तर मुळीच नाही. दिवा म्हटलं की ती खोदत बसणार. तिचं कामच आहे ते, कंपनीत दिवसभर चुका शोधते."

महिपतराव हो म्हणाले. फाटकातून आत शिरताना आपण शीळ घालत आहोत हे त्यांच्या लक्षात आले आणि ते थांबले.

आम्रपाली बाराला आली, चावी घेऊन एक चक्कर मारून आली आणि काहीशी हिरमुसून पानावर बसली. "गाडी ओके वाटतेय. पण आई, मला अजूनही वाटतं विकून टाकावी. वय झालंय तिचं."

"वय झालं म्हणून विकतात का कुणी?" हिराबाई भाकरी वाढत म्हणाल्या. "काय वाईट आहे गाडीत? ॲक्सल नवा, ऑइल भरलेलं, ड्रम सकाळीच उघडून पाहिलेत."

आम्रपालीचा घास हातातच राहिला. "तुला ड्रम काय माहीत? आणि सकाळी कशाला उघडले? परवापर्यंत तूच म्हणत होतीस, विका."

"मी? मी कधी म्हणाले? आता मी बुधवारी त्यांच्याबरोबर वाचनालयात जाणार आहे."

आम्रपालीने बापाकडे पाहिले. "बाबा, खरं सांगा. सकाळी काय झालं?"

थेट प्रश्न विचारला की महिपतरावांना खरे उत्तर देण्याची जुनी खोड होती. त्यांनी घास गिळला. "खरं म्हणजे सकाळी तो दि..."

टेबलाखालून हिराबाईंचा पाय त्यांच्या पायावर आला. करकचून.

"दि काय, बाबा?"

"दिसायला साधी असली, तरी आमटी फार छान झालीय."

"आमटी?" आम्रपाली म्हणाली. "बाबा, ही कढी आहे."

"तेच ते," हिराबाई म्हणाल्या. "त्यांना कुठं दिसतंय!"