पूलवाल्याचं मनगट

शुक्रवारी सकाळी योरितने कॉफीचा मग उजव्या हाताने उचलला, आणि डाव्याने सावरला नसता तर अर्धी कॉफी नव्या कळफलकाच्या पोटात गेली असती. मनगटातून अशी कळ गेली की त्याने माउस शोधून काढणाऱ्याच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडली. खरी मोडायची सोय नव्हती.

यार्लसम गावच्या कालव्यावरचा पूल तो डोक्यावरचे केस पिवळेधमक होते तेव्हापासून बोटींसाठी वर उचलून उघडत होता. आधी लोखंडी चाक फिरवून, मग तरफ ओढून. तेव्हा कधी करंगळीही दुखली नाही. गेल्या वसंतात मात्र काचेच्या केबिनमध्ये संगणक आला, आणि एवढा थोरला पूल वर करायला मुठीएवढा माउस पुरेसा झाला. तिथपासून मनगट रुसलं. पुरतं बिनसायला दिवसही नेमका धरला. आज लेउवार्डन शहरातून वरिष्ठ अधिकारी आउकेमा बाई येणार होत्या. पूल इथून चालवायचा की तिकडच्या कचेरीतून, हे त्या ठरवणार होत्या. हात अधू दिसला की योरितची रवानगी त्या कचेरीतल्या बिनखिडकीच्या खोलीत, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

गावात दुखऱ्या हातापायांना व्यायाम शिकवणारी वित्स्के ही त्याची पुतणी. ती आदल्या दिवशीच येऊन सगळं बघून गेली होती. माउस अंगाजवळ ठेवा, मनगट टेबलाच्या कडेवर रेलू नका, हात कोपरापासून हलवा, असं तिने बजावलं होतं. "आणि काका, तो माउस आहे, चुकार बोकड नाही. इतका आवळू नका, पळून जात नाही तो." शिवाय अर्ध्या अर्ध्या तासाने करायचे व्यायाम दिले होते. उभं राहून, डोळे मिटून, अगदी निवांत.

आता यार्लसमच्या पाण्यावर लाल-हिरवे दिवे आहेत, नाही असं नाही. पण तिथला नाखवा दिव्याकडे बघत नाही, पूलवाल्याच्या हाताकडे बघतो. त्याच्या बापानेही तेच केलं, आणि बापाच्या बापाच्या वेळी तर दिवेच नव्हते.

योरित काचेसमोर उभा राहिला, डोळे मिटले, आणि हात ताणून पंजा उभा केला. खाली कालव्यात रांगेतली पुढची मोटरबोट जागच्या जागी थबकली. मागची तिच्यावर आपटता आपटता राहिली. मग दुसरा व्यायाम, बोटं सावकाश आपल्याकडे दुमडायची. बोलावणं आलं म्हणून सगळ्या बोटी एकदम सुटल्या, आणि त्यांच्या मधून गावचा नाखवा डाउवे आपली शिडाची बोट घेऊन घुसला. तिच्यावर गावचं बँडपथक होतं, आणि डोलकाठी अशी उंच की ढग तिला वळसा घालून जात. पूल अजून बंदच होता.

भोंगा वाजला तेव्हा योरितने डोळे उघडले. डोलकाठी पुलाला भिडायला हातभर उरली होती. त्याने माउसवर झडप घातली. फाटकं पडली, सायकलवाले खोळंबले, पूल वर गेला. मनगट पुन्हा ठणकलं. आता तिसऱ्या व्यायामाशिवाय गत्यंतर नव्हतं. मनगट गोल गोल फिरवायचं, डोळे अर्थातच मिटून.

पूलवाला माघारी फिरा म्हणतोय म्हणजे पलीकडे काहीतरी भयंकर असणार, असं डाउवेच्या मनाने घेतलं. त्याने पुलाच्या ऐन मध्यावर बोट वळवायला घेतली आणि ती आडवी अडकली, घशात माशाचा काटा अडकावा तशी. मागच्यांनीही आज्ञा पाळली. बघता बघता कालव्यात पाणी कमी आणि बोटी जास्त झाल्या. एक बदक तर पाय न भिजवता या काठावरून त्या काठावर चालत गेलं. पूल खाली आणता येईना. बँडवाल्यांना हातावर हात ठेवून बसवेना, म्हणून त्यांनी वाजवायला घेतलं. सायकलवाल्यांनी गवतावर बसून पाव-चीजचे डबे उघडले.

फाटकाशी अडलेल्या एका बाईंनी मात्र सायकल कठड्याला टेकवली आणि ताडताड जिना चढून त्या केबिनमध्ये आल्या. "मी आउकेमा," म्हणत त्यांनी हात पुढे केला. योरितने डावा दिला.

"उजव्याला काय झालं?"

"काही नाही बाई. विश्रांती देतोय."

"आणि खाली ही जत्रा कसली?"

योरित स्वतःच चक्रावला होता. "देवाशपथ, मला ठाऊक नाही. मी इथे मनगटाचा व्यायाम करत होतो."

"कसला व्यायाम? दाखवा."

त्याने पंजा ताणला. खालची हालचाल एकदम थांबली. त्याने बोटं दुमडली, तशा सगळ्या बोटी धडपडत पुढे सरकल्या. बाईंनी एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं, एकदा कालव्याकडे. "पुरे," म्हणून त्यांनी स्वतःचा हात वर केला, आणि अख्खा कालवा चिडीचूप झाला. बँडसुद्धा.

बाई तशाच उभ्या राहिल्या. कचेरीत त्या बोलू लागल्या की लोक मोबाइल काढायचे. घरी त्यांच्या खुर्चीवरून मांजरही उठायचं नाही. इथे तर तुतारीवाला गाल फुगवून त्यांच्या हुकमाची वाट बघत होता. त्यांनी हळूच एक बोट डावीकडे नेलं. एक मोटरबोट डावीकडे गेली.

"जरा बाजूला व्हा," त्या योरितला म्हणाल्या आणि कोट काढून खुर्चीवर टाकला.

दुपारपर्यंत कालवा मोकळा झाला. तसा तो बराच आधी झाला असता, पण बाईंनी डाउवेला उगाचच एक-दोन गिरक्या घ्यायला लावल्या.

"हा पूल लांबून चालायचा नाही," जाताना त्यांनी निकाल दिला. "इथल्या माणसांना समोर हात दिसावा लागतो. तुम्ही इथेच राहा. व्यायाम तेवढे खाली बसून करा. नीट चाललंय ना ते बघायला मी शनिवारी येत जाईन."

आणि त्या आल्या. उन्हाळाभर दर शनिवारी सायकल दामटत आल्या, काचेशी उभ्या राहून कालवा हाकत राहिल्या. योरित मागे खुर्चीत बसून सैल हाताने माउस हलवायचा. त्याचं दुखणं कधी पळालं ते त्यालाही कळलं नाही.

पानगळ सुरू झाली तेव्हा आउकेमा बाई वित्स्केच्या दारात उभ्या होत्या, उजवा हात गळ्यात बांधून.

वित्स्केने मनगट दाबून पाहिलं, कोपर दाबून पाहिलं. "हातवारे बंद करा," ती म्हणाली. "थोडे दिवस कचेरीत बसून निवांत माउस फिरवा. तेवढाच हाताला आराम."