एका कुंडीचे दोन खटले

करी रोडच्या आमच्या चाळीत तात्या परबांना एकाच चुकीसाठी दोनदा बोलायची सोय नाही.

"तात्या, कालही नळ उघडा ठेवलात!" माझी बायको म्हणते.

"कालचं काल बोलून झालं, सूनबाई. घटनेचं कलम वीस, पोटकलम दोन. एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही."

"आणि आजचं?"

"आजचं बोला. पण एकदाच."

तात्या कोर्टात पट्टेवाले होते. आयुष्यभर आरोपींची नावं पुकारली. आता एकटेच राहतात आणि सकाळी संडासाच्या रांगेत "सावंत हाजिर हो!" म्हणून पुकारा करतात. सावंत चिडतात, पण हाजिर होतात.

गेल्या वर्षी गॅलरीच्या कठड्यावरची तात्यांची ओव्याची कुंडी खाली चाळीच्या सेक्रेटरीच्या नव्या स्कूटरवर पडली. पोलीस आले. तात्यांनी कोर्टात निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला, दंड भरला, पेढे वाटले. "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं नाव पुकारलं!"

सेक्रेटरीचं समाधान झालं नाही. त्याने त्याच कुंडीवरून मुद्दाम नुकसान केल्याची दुसरी केस लावली. तात्या पेटले. दुसरा खटला रद्द करा, हा त्यांचा अर्ज खालच्या कोर्टाने फेटाळला, तर खटला उभा राहण्याआधीच वरच्या कोर्टात गेले. कुंडीचे तुकडे पुरावा म्हणून पिशवीत.

मी तात्यांच्या वकिलांना विचारलं, "एवढी घाई कशाला? खटल्यातच निर्दोष सुटतील की."

"मीही तेच म्हटलं. पण खटला चालला तर पहिले साक्षीदार तुम्ही. शपथेवर बोलावं लागेल. म्हातारा म्हणतो, ते नको."

ते का नको, ते मला कळलं. कारण त्या दिवशी गादी उन्हात टाकताना कुंडीला धक्का लागला तो माझ्या हातून. माझी सरकारी नोकरी, बढतीची फाईल वर गेलेली. पोलिसांनी "कुंडी कोणाची?" विचारलं. तात्या "माझी" म्हणाले, आणि मी गादी उचलून आत गेलो.

काल त्यांना म्हटलं, "तात्या, मी खरं सांगून टाकतो."

"गप रव. तुका जमूचा नाय. चार माणसांत तुझा तोंड सुकता." मग कोर्टाचे कागद नीट लावत म्हणाले, "बुधवारी तारीख आहे. नुसता कोर्टात येऊन बस. मागे वळून बघितलं तर आपलं कोणीतरी दिसावं."

आज रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात पेन बराच वेळ अडलं. शेवटी लिहिलं: वडिलांचं काम.