लांब फाटा खरा

"ताई, एकदा साखळीत गेलेली आठवण ब्रह्मदेवालाही पुसता यायची नाही!" धाकट्याने छाती फुगवून सांगितलं. कॉम्प्युटर इंजिनियरच तो!

बाबा गेले आणि आईची स्मृती साबणाच्या वडीसारखी झिजू लागली, म्हणून त्याने ही ब्लॉकचेन मांडली. चौघा भावंडांच्या घरी एकेक यंत्र. बाबांची प्रत्येक आठवण आधीच्या आठवणीला कडीसारखी अडकणार आणि चारही घरी राहणार.

"मधेच दोन वेगळ्या साखळ्या झाल्या तर रे?" ताईने हळूच विचारलं. आई तिच्याचकडे राहत होती.

"जी लांब, ती खरी! आखूड फाटा आपोआप पुसला जातो. आणि आठवण साखळीत घातली की फोनवरचं रेकॉर्डिंग काढून टाकत जा, उगीच जागा अडते."

ताई तसंच करू लागली.

पुढे रस्ता खोदताना ताईकडची इंटरनेटची केबल तुटली. यंत्र आपलं एकटंच इमानाने चालू! नेमकी तेव्हाच एका दुपारी आईची नजर स्वच्छ झाली आणि तिला जुनं आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या भांडणात ती दार लावून बसली, तर बाबा भरलं ताट घेऊन बाहेर बसले. "तू उघडेपर्यंत मीही उपाशी," म्हणाले. आई हे हसत हसत बोलली. ताईने तिचा आवाज साखळीत घातला. एकच कडी, पण सोन्याची!

तिकडे मोठ्याची आणि मधल्याची साखळीतच जुंपली होती.

"बाबांची स्कूटर निळी होती!"

"हिरवी! तुला रंग कधी कळलेत?"

"निळी!"

"हिरवी!"

"गप्प बसा दोघंही!" धाकट्याने लिहिलं. तीही कडीच झाली!

केबल जोडली गेली. यंत्रांनी लांबी मोजली आणि ताईची कडी पुसून टाकली.

धाकटा धावत आला. तोंड एवढंसं झालेलं.

"चुकलंच, ताई. चौघांपैकी तिघांच्या होकाराशिवाय काहीच पक्कं होत नाही, अशी पद्धत घ्यायला हवी होती. तुझी कडी नुसती थांबून राहिली असती."

"आणि स्कूटर?"

"आम्ही तिघं एकीकडे होतो ना... स्कूटर राहिलीच असती."

ताई रागावली नाही. आईजवळ जाऊन बसली.

"आई, ते ताटाचं परत सांग ना गं."

"कसलं ताट?"

शेवटी ताईनेच सगळं सांगितलं, सावकाश. आई हनुवटीला हात लावून ऐकत राहिली. डोळे भरून आले तिचे.

"किती गुणी मुलगा!" ती म्हणाली. "लग्न झालंय का गं त्याचं?"