इंझोरीत किती इंटरनेट पडलं

"जनमभर पाऊस मोजला आपन, आता हे इंटरनेट काय लागते? दोनी वरूनच येतेत!"

असं म्हणून जगदेवरावांनी चहाची बशी खाली ठेवली आणि टोपी घातली. त्यांच्या आयुष्यातला हा शेवटचा साधा दिवस होता. तसं कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, म्हणून रूपाली एवढंच म्हणाली, "बाबा, टोपी उलटी हाय."

"असू दे. मागून येनाऱ्याले सरळ दिसन."

महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद ठेवता ठेवता जगदेवराव निवृत्त झाले होते. पावसाळ्यात रोज सकाळी तारेच्या कुंपणात शिरायचं, काचेच्या नळीला डोळा लावायचा आणि आभाळानं काल काय दिलं ते तालुक्याला कळवायचं. आता पुण्याच्या एका संस्थेला खेड्यापाड्यांत इंटरनेट कितपत पोचलं ते पाहायचं होतं. त्यासाठी गावातला एक माणूस हवा होता. जगदेवरावांना एक टॅब मिळाला आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. ते ओळखपत्र घालूनच ते म्हशीचं दूध काढू लागले. म्हशीनं दोनदा तपासलं.

रूपाली अमरावतीला एका ग्रंथालयात होती आणि दोन दिवसांच्या रजेवर आली होती. बाप-लेकीच्या मध्ये एरवी पाण्याची टाकी होती. कारण इंझोरीत रेंज यायची ती टाकीच्या जिन्यावर, आणि त्यातही बोलण्याजोगी फक्त सगळ्यात वर. जगदेवराव रोज संध्याकाळी तो जिना चढून लेकीला फोन लावायचे.

"आवाज येते काय?"

"येते बाबा, बोला."

"आता येते काय?"

"येते ना!"

"बरं मंग, ठेवतो."

"बरं."

वर्षानुवर्षं एवढंच. कपाटंच्या कपाटं वाचून काढलेल्या रूपालीला या संवादात आपलं पुढचं वाक्य कोणतं, ते कधी सापडलं नाही.

"आकडा बरोबर गेला ना रुपे, का गावात टावर येईन," चप्पल शोधता शोधता ते म्हणाले. "मंग घरी खाटेवर बसून बोलीन तुह्याशी. टाकीवर वारं लय असते. काय बोलाचं होतं तेच इसरून जाते मानूस."

तर असे दोघं निघाले.

पहिलं घर भागिरथामायचं.

"मावशी, घरात इंटरनेटचा फोन हाय काय?"

"फोन? आमच्या घरी? भाऊ, आमाले तर घड्याळ पाहाता येत नाई!"

तेवढ्यात ज्वारीच्या कोठीतून आरती ऐकू आली. टाळांसकट.

"हे काय वाजून राह्यलं?"

"उंदीर असन."

"उंदीर आरती म्हनते काय?"

"आमच्या घरचे उंदीर धार्मिक हायेत, भाऊ!"

जगदेवरावांनी गंभीरपणे 'नाही' लिहिलं. दुसरं घर गोमतीबाईंचं. तिथंही फोन नव्हता. मात्र अंड्यांवर बसलेली कोंबडी एकाएकी किंचाळून आढ्याला गेली आणि टोपलीतलं एक काळं, चपटं अंडं थरथरताना दिसलं.

"गोमतीबाई, हे अंडं..."

"त्याकडे पाहू नका, नजर लागते!"

तिसऱ्या घरी पिठाच्या डब्यातून शिट्टी आली. चौथ्या घरी आजोबा स्वतःच वाजले आणि धोतर सावरत मागच्या दारानं पळाले. घरात रेंज नसली तरी फोनचे गजर काही लपत नव्हते. दुपारपर्यंत टॅबवर सगळीकडे 'नाही'. काल संध्याकाळी याच माणसांनी रूपालीला आपापल्या फोनवर नातवांचे फोटो दाखवले होते! ती गोंधळली. जगदेवराव तर चौकातल्या ओट्यावर टेकलेच.

शेवटी गोविंदसिंगांनी उलगडा केला. हे त्यांचे जुने दोस्त, आणि ओट्याचे कायमचे रहिवासी.

"जगदेव, परसाली तुह्या नळीत पाऊस भरला अन् आमच्या वावरात थेंब नाई. नळी म्हने, पाऊस झाला. झालं, पिकाचा इमा गेला! तवापासून गाव शहानं झालं. मोजाले मानूस आला का कमीच दाखवाचं. इंटरनेट लय दिसलं, तर नुकसानभरपाई कोन देईन?"

"इंटरनेटची नुकसानभरपाई?" रूपालीनं विचारलं.

"मंग मोजता कायले?"

हा प्रश्न ग्रंथालयातल्या कोणत्या कपाटात ठेवायचा, ते रूपाली आठवू लागली.

"अरे, हे उलटं हाय!" जगदेवराव उठून उभे राहिले. "टावर तिथंच येते, जिथं गिऱ्हाईक हाय! तुमी सगळ्यांनी नाई म्हटलं तर कोन येईन?"

गोविंदसिंगांचं तोंड उघडं राहिलं. मग ते उठले. त्यांना ओट्यावरून उठताना गावानं फार वर्षांनी पाहिलं. बातमी अशी पळाली की तिला कुठल्याही रेंजची गरज पडली नाही.

दुपारी फेरी पुन्हा सुरू झाली. आता भागिरथामायनं फोन ताटात ठेवून, हळदकुंकू लावून पुढे केला.

"अन् उंदीर?"

"त्यायलेबी एक घेऊन देलं!"

गोमतीबाईंनी फोन दाखवला, त्याच्या जोडीला टीव्हीचा रिमोट दाखवला आणि वर "अंड्यातले अजून निघाले नाई" असंही सांगून ठेवलं. सगळीकडे 'आहे', 'आहे', 'आहे'. मात्र सहाव्या की सातव्या घरी रूपाली थबकली. तोच गुलाबी कव्हरचा फोन. पाठीवर तोच मोर.

"काकू, हा मोर मघाशी शेजारी होता."

"मोर काय बाई, गावभर फिरतेत!"

मुलगी पाहायला पाहुणे आले की चांगले कप, चादरी नि खुर्च्या मागच्या भिंतीवरून या घरातून त्या घरात जातात. गावाची अब्रू सगळ्यांची असते. त्याच वाटेनं मोर आणि त्याचे दोन-चार साथीदार आमच्या या मोजणीदारांच्या एक घर पुढे चालले होते. त्यांच्या मागे गोमतीबाईंची सून वैष्णवी पदर खोचून धावत होती. "माहा फोन कोनाच्या घरी हाय? आईचा फोन येनार हाय माह्या!" प्रत्येक घर म्हणे, आत्ताच पुढे गेला. एका घरी तर मोरावर खरंच तिची आई बोलत होती आणि तिथली बाई "हो आई, जेवली आई" करून वेळ मारून नेत होती. टाकीखालचं घर होतं ते. तेवढी रेंज ओघळून तिथं पोचायची.

बेरीज केली तर गावातल्या माणसांपेक्षा वापरकर्ते जास्त. पाळण्यातली बाळं धरूनसुद्धा!

"सकाळी दुष्काळ, दुपारी ढगफुटी!" जगदेवरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "रुपे, पाऊस का घरोघरी इचारून मोजतेत? जिथं पडते तिथं जाऊन पाहा लागते!"

संध्याकाळी दोघं टाकीखाली जाऊन उभे राहिले. रोजच्यासारखंच सगळं गाव जिन्यावर चढलं होतं. खालच्या पायऱ्यांवर म्हातारे, मधे बाया, वरती तरणी पोरं, आणि प्रत्येकाच्या तोंडावर निळा उजेड. लपवलेले फोन होते, उसने फोन आपापल्या धन्याकडे परतले होते. कोंबडीखालचाही होता. जगदेवरावांनी बोट नाचवत मोजलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. आकडा जुळला. नळीतलं पाणी रेघेवर थांबावं तसे ते समाधानानं थांबले.

"आता पाठवू."

वाट काढत ते वर चढले. मधल्या कठड्याला धरून जरा उभे राहिले. "वारं लय हाय," म्हणाले. वर पोचून त्यांनी टॅबवरचं बटण दाबलं. गोल चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. एवढीशी रेंज आणि तिला सगळं गाव लोंबकळलेलं! जगदेवराव कठड्यावरून ओरडले,

"सगळेजन नेट बंद करा रे! मले नेट मोजाचं हाय!"

गाव गुणी. सगळ्यांनी बंद केलं. जिन्यावर अंधार पसरला. टॅब टिंगकन वाजला आणि नोंद पुण्याला गेली! तिकडून लगेच उत्तरही आलं. रूपालीनं मोठ्यानं वाचलं.

"आपली माहिती प्रत्यक्ष जोडणीशी ताडून पाहिली. या क्षणी आपल्या गावातील वापरकर्ते: एक. त्यानुसार नोंद दुरुस्त केली आहे. धन्यवाद."

जगदेवराव टॅबकडे पाहत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. "हे तर माह्या नळीसारखंच झालं!" ते इतके हसले की पायरीवर बसावं लागलं. घरी येताना वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "सगळ्या इंझोरीत एक मीच! बाकी गाव कोरडं!" जेवतानाही मधेच हसत होते. "उद्या फोन करून सांगू त्यायले," म्हणाले, "उद्या बरोबर करू."

सकाळी ते उठले नाहीत.

दिवसकार्य झालं. रजा आणखी वाढवायला रूपाली टाकीवर चढली, तेव्हा जिन्यावरची माणसं बाजूला सरकली. वर पोचताच तिचा फोन वाजला; संस्थेच्या अर्जावर बाबांनी तिचाच नंबर दिला होता. पलीकडे पुण्याच्या संस्थेतला विकास नावाचा मुलगा होता. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"मॅडम, इंझोरीत एकच वापरकर्ता दिसतोय. जगदेवराव. हे बरोबर आहे?"

"नाही," ती म्हणाली. "सगळं गाव वापरतं. त्या दिवशी सगळ्यांनी बंद केलं होतं."

"कशासाठी?"

"इंटरनेट मोजायला."

पलीकडे कळफलक खटखटला. "बरं... मी दुरुस्त करतो. आणि हे जगदेवराव अजून वापरतात ना? की तो एक कमी करू?"

रूपालीनं जिन्याचा कठडा धरला. "हॅलो?" तो म्हणाला. "मॅडम, माझा आवाज येतोय का? आता येतोय का?" मग रेंज गेली.

तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. खरंच, वर वारं फार होतं.

"पोरी!" खालून गोविंदसिंग ओरडले. "रेंज गेली ना आता! कोनाशी बोलून राह्यली?"

"येते बाबा," रूपाली म्हणाली. "आवाज चांगला येते. ठेवू नका."