हरवलेला पाहुणा आणि सात घरचा केक

आमच्या गावात मी डोळे मिटून फिरू शकते. उलटी चालत फिरू शकते. डोक्यावर टोमॅटोची टोपली घेऊन, कुणाशी तरी भांडत फिरू शकते! ज्याला पटत नसेल त्याने यावं.

इथल्या गल्ल्याच मुळी माणूस चुकावा म्हणून बांधल्यात. पूर्वी समुद्रावरून चाचे यायचे. एका कमानीतून आत, दुसरीतून आत, डावीकडे, उजवीकडे, आणि शेवटी कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यासमोर! मग वरून बाया उकळतं तेल ओतायच्या. आता चाच्यांऐवजी पाहुणे येतात आणि तेल आम्ही सॅलडवर ओततो. एवढाच फरक.

मार्चमध्ये मी शाळा सोडली. शाळेने मला नाही, मी शाळेला! आई दोन खोल्या भाड्याने देते. तिच्या पाहुण्यांना गाव दाखवायचं काम मी घेतलं. आई म्हणाली, "ठीक आहे, आर्गिरो. पण एक जरी पाहुणा हरवलास, तर सप्टेंबरात शाळा."

"मंजूर!" मी म्हटलं. सोळा वर्षांच्या माणसाने याहून सोपी पैज लावली नसेल.

ऑगस्ट संपत आला तरी एकही हरवला नव्हता. मग आले वेरबेके आजोबा. बेल्जियमचे, सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर ताटाएवढी टोपी. आमची भाषा ते पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे सगळं शुद्ध आणि सावकाश. त्यांची बोट दुपारी तीनला. आई त्यांची बॅग घेऊन सकाळीच बंदरावर कामाला गेलेली. मला त्यांना गावात शेवटची फेरी मारून तिथे आणायचं होतं. पण म्हातारा थांबतो किती! दाराची कडी चाचपून बघ, मांजराशी बोल, तुळशीची पानं चुरगळून वास घे.

"चला आजोबा! हा बुरूज, झाला. हे चर्च, झालं. ही विहीर. चला, चला!"

विहिरीपाशी मागे वळले, तर मागे फक्त मांजर!

तीन फेऱ्या मारल्या. हाका मारून घसा बसला. साडेअकरा वाजले. मी तडक कालोमिरा मावशीच्या स्वयंपाकघरात घुसले.

"मावशी, माणूस हरवला!"

"तुला माणूस कधी मिळाला गं?"

"पाहुणा, मावशी! आईचा!"

"मग ऊर कशाला बडवतेस? संत फानुरियोस कशाला आहेत?"

हरवलेलं शोधून द्यायचं काम या संतांचं. त्यांच्या नावाने केक करायचा आणि गरम गरम सात घरी वाटायचा, की वस्तू सापडते. आमच्याकडे पोलिसांच्या आधी ओव्हन पेटतो.

"माणसासाठी चालतो का?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी माझी बकरी सापडली. तुझा आजोबा बकरीपेक्षा जड असेल, अक्रोड थोडे जास्त घालते."

पाऊण वाजता केक तयार. आणि पहिल्याच दारात माझ्या लक्षात आलं की हा केक म्हणजे दवंडी आहे! बघणारा पहिला प्रश्न काय विचारतो?

"काय हरवलं गं?" फोतिनी काकू म्हणाली.

खरं सांगितलं, तर बातमी माझ्याआधी बंदरावर. म्हणून तोंडाला आलं ते बोलले, "आईचं कानातलं."

"लग्नातलं? सोन्याचं? अगं बाई!" केकचा तुकडा तोंडात आणि काकू तिथेच गल्लीत गुडघ्यांवर!

तिसऱ्या घरापर्यंत पाच बाया गल्लीतल्या दगडांच्या फटी सुरीने कोरत होत्या. चौथ्या घरी दोन्ही कानातली गेली. पाचव्या घरी हारसुद्धा गेला. सहाव्या घरी एव्दोकिया काकू कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "हरवलं नाही, चोरलंय! सकाळी एक टोपीवाला माझ्या दाराची कडी चाचपत होता!"

"ताटाएवढी टोपी?" फोतिनी काकू ओरडली. "माझीही चाचपली!"

झालं! केक घेऊन मी पुढे, झाडू घेऊन बारा बाया मागे. सहाशे वर्षांनी गावाला चाचा मिळाला होता!

सातवं घर निकिफोरोस कप्तानाचं. दार लोटलं, तर अंगणात द्राक्षाच्या वेलाखाली वेरबेके आजोबा! पाय थंड पाण्याच्या घमेल्यात, हातात फासे, समोर सोंगट्यांचा पट, तोंडात अंजिराचा मुरांबा.

"हाच तो!" एव्दोकिया काकूने झाडू उगारला.

मी केकसकट मधे उभी राहिले. "हात लावून दाखवा! हा चोर नाहीये! हा माझा हरवलेला पाहुणा आहे!"

काकूचा झाडू खाली आला. कारण दारात आई उभी होती. 'तुझे दागिने चोरीला गेले' असा कुणीतरी फोन केला, म्हणून बंदरावरून दोनशे पायऱ्या धापा टाकत चढून आलेली. कानात दोन्ही कानातली लखलखत होती.

"हरवलेला?" आई म्हणाली.

आजोबा घमेल्यातच उभे राहिले आणि टोपी काढली. "बाई, मुलीला बोलू नका. मी हरवलो नव्हतो."

माझ्या जिवात जीव आला.

"मी पळालो होतो. ही फार पळवते. मला फक्त बसायचं होतं."

बारा बाया खी खी हसल्या. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण मी हटले नाही!

"ऐकलंस ना, आई? अट हरवण्याची होती, पळण्याची नव्हती! पळालेल्या माणसाला आपण कुठे आहोत ते पक्कं माहीत असतं. मग तो हरवलेला कसा?"

"मुद्दा बिनतोड आहे," कप्तान म्हणाला.

"पोरगी वकील होणार," फोतिनी काकू केक चघळत म्हणाली.

आईने कपाळावरचा घाम पुसला. "खरं आहे. तू जिंकलीस, आर्गिरो. वकीलच हो. सप्टेंबरात नाव घालते."

तेव्हा सोमवारपासून मी शाळेत जाणार आहे. पण नीट ऐका: हरले म्हणून नाही, जिंकले म्हणून! कालपासून हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवलंय. दरवेळी ते मला थोडं थोडं कमी पटतं.