लांजेवारांची वार्षिक वर्गणी

लांजेवारांनी आयुष्यात गोल्फची काठी एकदाच हातात धरली, आणि तीही म्हैस हाकलायला. तरीही आमच्या वसाहतीतल्या गोल्फ क्लबाचे ते कायमचे चिटणीस होते. क्लबाची वार्षिक वर्गणी किती असावी, एवढा एकच प्रश्न त्यांना या जगात गंभीर वाटायचा.

भंडाऱ्याजवळ गोल्फ क्लब म्हटल्यावर लोक हसतात. सत्तरच्या दशकात मी पुण्याहून इथल्या कारखान्यात नोकरीला आलो तेव्हा मीही हसलो होतो. पूर्वीच्या कुणा हौशी साहेबानं वसाहतीच्या कडेच्या पडीत जमिनीवर नऊ भोकं पाडून घेतली होती. भोकाभोवती मऊ हिरवळ असावी असं म्हणतात. आमच्याकडे वाळूत जळकं तेल कालवून थापलेलं असायचं. बाकी सगळं रान. पावसाळ्यात गवत कमरेला लागायचं आणि मारलेला चेंडू दिवाळीनंतर सापडायचा.

या गवतावरच लांजेवारांचं अर्थशास्त्र उभं होतं. दिवाळीच्या सुमाराला गवताचा लिलाव व्हायचा आणि शेजारच्या शहापूरचे शेतकरी ते बैलगाड्यांतून न्यायचे. "गवत वाढू द्या, वर्गणी कमी. गवत कापा, वर्गणी जास्त. बोला, खेळाचं हाय का वाचवाचं हाय?" असं ते दर वर्षी विचारायचे. सभासदांना दोन्ही हवं असायचं. आखूड गवत आणि आखूड वर्गणी.

लांजेवार भांडार विभागात होते. मूळचे आंबागडाच्या पायथ्याच्या गावचे, धानाच्या शेतकरी घरातले. अंगानं काटकुळे, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. क्वार्टरात एकटेच राहायचे. कुणी वाट अडवून वर्गणीबद्दल कुरकुर केली की ते सायकलवरून उतरायचे, सायकल झाडाला टेकवायचे आणि म्हणायचे, "उभ्यानं नाही जी. बसून भांडा." आणि खरोखर रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसायचे.

वर्गणी ठरायची ती पोळ्यानंतरच्या रविवारी, वार्षिक सभेत. सभा सकाळी सुरू व्हायची. लांजेवार उभे राहून एक भयानक आकडा मांडायचे. वर्गणी पंचाहत्तर असेल तर हे म्हणणार दीडशे. मग एकच गिल्ला व्हायचा. तेल महागलं, वाळू महागली, माळ्याला स्वेटर द्यायचं आहे, अशी कारणं ते एकेक करून सोडायचे. दवाखान्यातले डॉक्टर बॅनर्जी टेबलावर मूठ आपटून "ये जुलूम है!" असं ओरडायचे. हे वाक्य ते वर्षभर जपून ठेवत असावेत.

एकदा लांजेवारांनी सभासदांचे प्रकार पाडले, आणि ते पुढेही टिकले. नऊ भोकं खेळणारा पूर्ण सभासद, दमून मधूनच परत फिरणारा अर्धा सभासद, आणि नुसता चहा पिणारा तो व्हरांडा सभासद. व्हरांड्याची वर्गणी सगळ्यांत जास्त. मी विचारलं, "हे कसं काय?"

"खेळणारा चेंडू हरवते, तो त्याचा. व्हरांड्यावाला खुर्च्या मोडते, त्या क्लबाच्या," ते म्हणाले.

भांडता भांडता दुपार व्हायची. शेवटी वर्गणी पंचाहत्तरची पंचाहत्तरच राहायची, फार तर दोन-चार रुपयांनी वाढायची. मग लांजेवार हरल्याचं तोंड करून आत जायचे आणि वडाभाताचं पातेलं घेऊन बाहेर यायचे. भात त्यांनी स्वतः पहाटे उठून केलेला असायचा, वर कुस्करलेले डाळीचे वडे आणि चरचरीत फोडणीचं तेल. वर्षभर क्लबाकडे न फिरकणारे लोकही त्या दिवशी हजर असायचे. मला वाटायचं, माणूस हट्टी आहे, दर वर्षी तोंडावर पडतो तरी अक्कल येत नाही.

मग ऐंशीनंतरच्या एका वर्षी नवे मोठे साहेब आले. दिल्लीकडचे, शिस्तीचे, घड्याळ बघून बोलणारे. ते पदसिद्ध अध्यक्ष. सभा सुरू झाली. लांजेवारांनी खाकरून, मिशांवरून हात फिरवून त्या वर्षीचा आकडा टाकला, "दोनशे!"

बॅनर्जींनी मूठ उचलली. तेवढ्यात मोठे साहेब म्हणाले, "व्हेरी रीझनेबल. सब सहमत?" आणि स्वतःचा हात वर केला.

आता ज्यांच्या सहीनं आपली बढती होते त्यांचा हात वर असताना आपला खाली कसा ठेवायचा? एकेक हात वर गेला. बॅनर्जींची उचललेली मूठ तशीच उघडली आणि तिचाही हात झाला. माझाही गेला. सर्वानुमते मंजूर. चहा निवायच्या आत सभा संपली, साहेबांची जीप निघून गेली आणि जेवणाला अजून वेळ म्हणून आम्हीही पांगलो.

घरी पोचलो तर बायको दारातच. "आज एवढ्या लवकर? पडले का नेहमीसारखे लांजेवार?"

"जिंकले," मी म्हणालो. "दोनशे झाली."

"दोनशे? चेंडू हरवायला? आणि तुम्ही काय करत होतात?"

"हात वर केला."

त्यानंतर ती जे बोलली त्यातलं छापण्याजोगं एवढंच, की आधी जाऊन तो हात खाली करून या, मग घरात पाऊल टाका.

मी मुकाट्यानं परत गेलो. क्लबाच्या व्हरांड्यात पत्रावळी मांडलेल्या होत्या, पाण्याचे पेले भरलेले होते, आणि पातेल्याशेजारी लांजेवार एकटे बसले होते. जिंकलेला माणूस इतका पडेल चेहऱ्याचा मी पाहिला नव्हता.

"अभिनंदन," मी म्हणालो.

"कायचं जी," ते म्हणाले. "कोणी काहीच नाही बोललं."

मी शेजारी बसलो. मग ते पातेल्याकडे बघतच बोलत राहिले.

"आमच्या गावाले तलाव हाय. पोळा झाला का पाणी सोडासाठी बैठक बसे. कोणाच्या धानाच्या बांधीत आधी, कोणाच्या मागून. आमच्या आज्याच्या आधीपासून ते ठरलंच होतं, तरी दर साली भांडत. बुढे काठ्या आपटत. ज्याच्याशी वर्षभर अबोला, तोही त्या दिवशी तोंडावर येऊन बोले. मंग सारे संगं जेवत, अन् तलावाचं दार उघडत. आता सरकारी माणूस येते, चाबी फिरवते, चालला जाते. पाणी बराबर भेटते. पण बैठक गेली." त्यांनी पातेल्यावरचं झाकण उगाच सरळ केलं. "मले वाटलं, इथं तरी चालू ठेवू. घरी काय जी, मी म्हणीन तेच होते. काहून म्हणून विचाराले कोणी नाही."

इतकी वर्षं ज्याला मी हट्ट समजत होतो, ते या माणसाचं आमंत्रण होतं. मग आवाज चढवून, माझ्या पुणेरी तोंडाला जमेल तसं म्हणालो, "लांजेवारभाऊ, मले हे दोनशे मंजूर नाही!"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं. मिशा हलल्या.

"काहून मंजूर नाही?"

"गेल्या साली पाऊस बरा झाला. गवताचे पैसे कुठं गेले?"

"गवताचे पैसे?" ते ताडकन उठले, आणि लगेच पुन्हा बसले. "बसून भांडा! आधी जळक्या तेलाचा भाव ऐका!"

आमची जुंपलेली असतानाच फाटकातून लुंगीतले बॅनर्जी येताना दिसले. त्यांनाही घरून पाठवलं होतं. व्हरांड्यात चढायच्या आधीच ते ओरडले, "ये जुलूम है!" त्यांच्या मागून आणखी दोघे, मग चौघे. वसाहतीतल्या समस्त गृहिणींनी त्या दिवशी एकमुखानं ठराव फेटाळला होता. सगळ्यांत शेवटी मोठ्या साहेबांची जीप आली. साहेब उतरले, घड्याळाकडे न बघता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "मेमसाब कह रही हैं, बरामदे का रेट कुछ ज़्यादा है."

उन्हं कलेपर्यंत भांडण चाललं. लांजेवार एकेका रुपयासाठी जिवाच्या आकांतानं लढले आणि सपशेल हरले. वर्गणी ऐंशीवर आली. साहेबांनी दोनदा भात मागून घेतला.

माझ्या पत्रावळीवर वाढताना लांजेवार वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनीले सांगजा, वापस पाठवलं ते लय बरं केलं."

मी म्हणालो, "तिनं तर घरातच घेतलं नाही."

"बराबर हाय," ते म्हणाले. वाढता हात तसाच थांबला. "माही बाई असती तर मले सकाळीच दारात अडवलं असतं. म्हणाली असती, दोनशे? काहून?"

आणि त्यांनी माझ्या भातावर तेलाची आणखी एक धार सोडली.