चांदीचा मुक्काम

तेजलच्या नजरेतून काही सुटत नसे. लहानग्या लेकाच्या, मेहुलच्या दंडावर डास चावला तरी ती मोबाइलवर रोगांची नावं वाचत बसायची. त्यामुळे बांधापलीकडच्या वाडीत शिरून चांदी गाय केळ चघळताना सापडली, तेव्हा सासूबाईंना दिसली गाईची चोरी. तेजलला दिसल्या तिच्या मानेवरच्या गाठी.

लम्पी! बेटेगावात सध्या तोच विषय. गुरांचा बाजार बंद, टेम्पोतून गुरं न्यायला बंदी. आणि मेहुल तर चांदीशिवाय दुसऱ्या दुधाला तोंड लावत नसे. पिशवीचं दूध तो आईच्या अंगावर थुंकायचा. तेजलने घाबरून सरकारी नंबर फिरवला. "सरकार काय लगेच येतं का," म्हणत नवरा नीलेश कंपनीत गेला. त्याची बस बोईसरला पोचायच्या आत गुरांचे डॉक्टर दारात.

चांदी अजून वाडीतच होती; त्यांनी तिथेच नमुना घेतला. हा रोग माणसाला होत नाही, दूध उकळून खुशाल द्या, म्हणाले. "पण रिपोर्ट येईपर्यंत गाय आहे तिथून हलवायची नाही. इथे दुसरं जनावर नाही. जागा उत्तम आहे."

जागा उत्तम होती, पण होती कीर्तीकाकीची. कीर्तीकाकी म्हणजे सासूबाईंची, विजयाबाईंची, जाऊ. याच चांदीने तिचा पडवळाचा मांडव फस्त केला, तेव्हापासून दोघींचा अबोला. बांध गुडघ्याएवढा, पण विजयाबाईंनी तो ओलांडला नव्हता.

संध्याकाळी तेजल चरवी घेऊन गेली आणि लाथ खाऊन परत आली. चांदी विजयाबाईंच्या हाताशिवाय पान्हाच सोडत नसे. इकडे मेहुलने घर डोक्यावर घेतलं. शेवटी विजयाबाई उठल्या.

"नातवासाठी चाललेय. कोनाच्या दारी नाय चालले."

अबोला मोडायचा नव्हता, म्हणून दोघी गाईशी बोलल्या.

"चांदे, सांग तुज्या मालकिणीला, माजी केळ खायची नि दूध आपल्या घरी न्यायचं, बरा धंदा हाय."

"चांदे, सांग त्यांना, शेण ठेवून जातेस ना? खत काय फुकट मिलते?"

चांदी रवंथ करत दोन्ही निरोप गिळून टाकत होती.

दुसऱ्या दिवशी चाऱ्याच्या पाटीशेजारी चहाचा कप दिसला. तो गाईसाठी नव्हता हे उघड होतं, पण कुणी तसं म्हटलं नाही. पुढे बांधाअलीकडून तेजलने कान दिला, तर बोलण्यातून गाय केव्हाच गळाली होती. तिथे आता ती स्वतः होती.

"सून भारी घाबरट हाय गं तुजी."

"घाबरट हाय, पन नजर हाय तिला."

रिपोर्ट आला. लम्पी नाही. डॉक्टरांनी वाडीत फिरून पाहिलं, तर उरल्यासुरल्या मांडवात गांधीलमाश्यांचं पोळं. चांदीच्या मानेवरच्या गाठी हा माश्यांचाच प्रसाद होता. गाय घरी आली. मेहुल ओठांवर पांढरी मिशी घेऊन हिंडू लागला आणि तेजलला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

सासूबाईंना मात्र चैन नव्हती. घरचा चहा त्यांना पाणचट लागे. पलीकडे कीर्तीकाकी झाडलेलाच बांध पुन्हा झाडत होती.

सकाळी विजयाबाई म्हणाल्या, "तेजल, चांदीच्या मानेवर गाठ लागते का बघ गं."

तेजलने मान चाचपली. मान रेशमासारखी मऊ. मग तिने सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"लागते खरी थोडीशी," ती म्हणाली.

"मंग लाव फोन सरकारला." विजयाबाईंनी चरवी काखेत मारली आणि दावं सोडलं. "पन जरा थांब. आदी मी गाय पलीकडं नेते. एकदा डॉक्टर आला का जागची हलवू द्यायचा नाय."